मोडीत घडणावळ धरत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुपर बोलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलची, बातमी तुमच्या मंगळवारच्या अंकात आली, इ-पेपरवर वाचली, बरं वाटलं. पण शेजारी जो बॉल छापलाय तो काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा आहे हो, म्हणजे मेस्सीवाला. इथला फुटबॉल लांबट असतो, सोललेला नारळ डोळ्यासमोर आणा, तसा. आणि मध्यंतरात गाणाऱ्या बॅड बनीचा फोटो तीन कॉलम, नि सिॲटल सीहॉक्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना २९-१३ हरवलं हे शेवटच्या ओळीत. असो, जागेची अडचण असणार. पण या बातमीत आम्हा इथल्या लोकांच्या जिवाला लागलेली गोष्ट राहून गेली आणि ती दोनशे शब्दांत बसणार नाही, म्हणून हे पत्र लांबलंय. कापायचं तर कापा, पण आईचं वाक्य तेवढं ठेवा.

मी सनीव्हेलला राहतो, मूळचा कोथरूडचा. ज्या लिव्हाइज स्टेडियमवर यंदाची, २०२६ ची, मॅच झाली ते आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर, आणि ते आमच्या टीमचं, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचं घर. तर आमच्याच घरी येऊन सीहॉक्स, म्हणजे आमचे एक नंबरचे वैरी, कप घेऊन गेले, आणि त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीम चालवणारा मुख्य खेळाडू, कोण, तर सॅम डार्नल्ड. हा माणूस २०२३ साली आमच्या बेंचवर बसून होता! पुढच्या वर्षी काँट्रॅक्ट संपलं नि तो गेला मिनेसोटाला, तिथे १४ मॅच जिंकून दिल्या, मग सिॲटल, आणि आता हे. आमच्याकडे असताना त्याला कोणी विचारत नव्हतं. आमच्या ग्रुपमधल्या सांगलीकराने तर तेव्हा म्हटलं होतं की याच्या बदल्यात कोणी दोन खुर्च्या दिल्या तरी घ्या. ते वाक्य आम्ही त्याला मॅच संपेपर्यंत ऐकवत होतो.

आता तुमच्या वाचकांना वाटेल की बेंचवरच्या खेळाडूचा एवढा काय तो विषय. आयपीएलमुळे ट्रेड हा शब्द आता घराघरात झालाय, गेल्या नोव्हेंबरात अर्जुन तेंडुलकर मुंबई इंडियन्सकडून लखनौला ३० लाखात गेला आणि तिकडून आपला पालघरचा शार्दुल २ कोटीत मुंबईत आला, तेव्हा चहाच्या टपरीवर सुद्धा हिशोब झाला असेल की कोणाला किती स्वस्त पडलं. इथे तसंच, फक्त पैशाऐवजी बहुतेक वेळा ड्राफ्ट पिक देतात. म्हणजे दर एप्रिलला कॉलेजातून आलेली नवीन पोरं ३२ टीम पाळीपाळीने निवडतात, सात फेऱ्या असतात, त्यातला तुमचा नंबर तुम्ही दुसऱ्याला देऊ शकता. पहिल्या फेरीतला नंबर म्हणजे सोनं, सातव्या फेरीतला म्हणजे चिल्लर. आणि खेळाडू द्यायचा नि नंबर घ्यायचा, हा आमच्या चर्चेचा वर्षभर पुरणारा विषय.

यंदा चर्चा मॅक जोन्सची चाललीय. आमचा खरा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, त्याला २०२५ च्या मे महिन्यात पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी डॉलर कबूल केले (रुपयात करायला जाऊ नका, मी केलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही) आणि सीझनच्या पहिल्याच मॅचला त्याच्या पायाचा अंगठा दुखावला. मग दोन वर्षांच्या स्वस्तातल्या काँट्रॅक्टवर आणलेला हा जोन्स उभा राहिला, ८ मॅच खेळला, ५ जिंकल्या ३ हरल्या. त्यातली रॅम्सविरुद्धची गुरुवारची मॅच तर मी विसरणारच नाही, अर्धे रिसीव्हर, म्हणजे बॉल झेलणारे, दुखापतीने बाहेर, हा गडी बॉल फेकून एकूण ३४२ यार्ड काढतोय, मधेच पायात गोळे येतायत, तरी ओव्हरटाइममध्ये २६-२३ जिंकलो. मग पर्डी बरा झाला आणि जोन्स गुपचूप बेंचवर जाऊन बसला. काँट्रॅक्टचं एक वर्ष शिल्लक आहे. म्हणजे विकायचा तर आत्ताच.

शनिवारी आमच्याकडे मिसळ होती, सात-आठ जण. फ्रिजवर माझ्या मुलाने एक तक्ता लावलाय, गणपतीच्या मॅग्नेटखाली, त्यावर चहाचे डाग. हा तक्ता डॅलसच्या जिमी जॉन्सन कोचच्या नावाने ओळखला जातो, १९९०च्या आसपास त्या टीमचे एक भागीदार माइक मॅकॉय यांनी बनवलेला, ते पेट्रोलियम इंजिनियर होते, तेलाच्या विहिरीची किंमत काढायची सवय असल्यावर माणूस काय कशाचीही किंमत काढेल. एक नंबरच्या पिकला ३००० पॉइंट, तीन नंबरला २२००, बारा नंबरला १२००, असं उतरत उतरत चौथ्या फेरीत जेमतेम शंभर नि त्याच्याही खाली. इथल्या कुठल्याही फॅनला विचारा, अर्धा तक्ता पाठ असतो, आपल्याकडे पाढे पाठ असायचे तसा.

तर नागपूरकर म्हणाला, जोन्सच्या बदल्यात पहिल्या फेरीतला पिक आलाच पाहिजे. सांगलीकर म्हणाला, "आरं लेका, तिसरी फेरी मिळाली तरी लई झालं." नागपूरकर म्हणे, "काय बोलून राहिला बे, पाच मॅच जिंकून दिल्या त्यानं, नि तो काही उचलून आणलेला पोट्टा नाही, २०२१ ला स्वतः पंधरा नंबरला गेलेला प्लेयर आहे." माझा मुलगा तक्त्यावर बोट ठेवून मधली दुसरी फेरी सांगत होता. तर्री गार झाली. मी गप्प होतो कारण मला दोन वर्षांपूर्वीचं, खरं तर तीन, आमचं ट्रे लान्सचं प्रकरण आठवत होतं.

ते प्रकरण तुमच्या वाचकांना सांगितलंच पाहिजे. २०२१ मध्ये आमच्या टीमने मायामीकडून तीन नंबरचा पिक घेतला आणि बदल्यात दिलं काय तर आपला बारा नंबर, शिवाय २०२२ ची पहिली फेरी, शिवाय २०२३ ची पहिली फेरी, वर एक तिसऱ्या फेरीतला पिक. एवढं मोजून घेतला कोण, तर नॉर्थ डकोटा स्टेटचा ट्रे लान्स, ज्याच्या कॉलेजने कोविडमुळे आधीच्या वर्षी सबंध शरद ऋतूत एक मॅच खेळली होती. गंमत म्हणजे त्या वेळी सगळे छातीठोकपणे सांगत होते की फोर्टीनाइनर्स तीन नंबरला मॅक जोन्सच घेणार. नाही घेतला. चार वर्षांनी तोच जोन्स दोन टीम फिरून, मधे एकदा तर सहाव्या फेरीतल्या पिकवर जॅक्सनविलला विकला जाऊन, आमच्याकडे बॅकअप म्हणून आला. नशीब म्हणा.

लान्स आमच्यासाठी सुरुवातीपासून खेळला त्या मॅच एकूण चार. २०२२ च्या दुसऱ्याच आठवड्यात घोटा मोडला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याला विकायची वेळ आली तेव्हा आमच्या घरी हीच सगळी मंडळी, हाच तक्ता, आणि भाव काय लावत होते? तीन पहिल्या फेऱ्या दिल्यात म्हणजे निदान एक पहिली तरी परत यायला हवी, फारच पडलं तर दुसरी. माझी आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेली, सोफ्यावर बसून वाती वळत होती. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नाही, ती इतकंच म्हणते की ही एवढी मोठी मुलं दर मिनिटाला एकमेकांवर पडतात आणि परत उठून तेच करतात. ती म्हणाली, "अरे, मोडीत घालताना सोनार कधी घडणावळ धरतो का? तुम्ही पाटल्या केवढ्याला केल्या होत्या ते त्याला काय करायचंय, तो वजन बघणार." मुलाला घडणावळ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, पण समजल्यावर तो बराच वेळ तक्त्याकडे बघत बसला. आठवड्याभरात बातमी आली, लान्स डॅलसला, बदल्यात चौथी फेरी. म्हणजे २२०० पॉइंटची पाटली आणि हातात आले शंभरच्या आतबाहेर. आईने बातमी ऐकून फक्त एवढंच विचारलं, की मुलगा चांगल्या घरी गेला ना.

आता माझं म्हणणं असं आहे, आणि यासाठीच पत्र लिहितोय, की आम्ही फॅन लोक बेंचवरच्या पोराचा भाव करताना दोन चुका करतो. एक म्हणजे घडणावळ धरतो, ती आईने सांगितलीच. दुसरी चूक त्याहून मोठी, आम्ही समोरचा काय देईल एवढंच बोलतो, तो पोरगा गेला तर आपल्या घरात काय उरतं ते बोलतच नाही. तक्त्यात माणसाला रकानाच नाहीये मुळात. फक्त पिकचे भाव आहेत. माणसाचा भाव त्या दिवशी समोरच्याला किती घाई आहे त्यावर ठरतो, आपल्याकडे लग्न तोंडावर आलं की हॉलचा भाव कसा ठरतो, तसा.

बघा ना, ब्रेट फार्व्ह. १९९१ मध्ये अटलांटा फाल्कन्सकडे बेंचवर होता, सबंध वर्षात चार बॉल टाकले, एकही आपल्या माणसाच्या हातात पडला नाही, दोन समोरच्यांनी पकडले. कुठल्याही तक्त्याने याची किंमत शून्य. पण ग्रीन बेला नुकतेच आलेले रॉन वुल्फ, ते आधी न्यूयॉर्क जेट्समध्ये असताना त्यांच्या हा पोरगा मनात भरला होता, तिथे एका नंबराने हुकला, अटलांटाने ३३ व्या नंबरला उचलला आणि जेट्सचा नंबर होता ३४. वुल्फनी ग्रीन बेची सूत्रं हातात आल्यावर १९९२ ला सरळ पहिल्या फेरीतला पिक देऊन त्याला आणला. पुढे तो तिथेच मोठा झाला. एका माणसाच्या नजरेने भाव ठरला. असा गिऱ्हाईक भेटला तर विका, मी नाही म्हणत नाही. पण असा गिऱ्हाईक रोज येत नाही.

उलट मॅट कॅसल घ्या. २००८ मध्ये पेट्रियट्सचा खरा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी पहिल्याच मॅचला जायबंदी झाला आणि त्यांनी याला उभा केला, हायस्कूलनंतर क्वार्टरबॅक म्हणून कधी सुरुवातीपासून खेळलेला नव्हता, त्याने स्टार्टर म्हणून १० मॅच जिंकून दिल्या. १०! पुढच्या वर्षी त्याला कॅन्सस सिटीला विकला तेव्हा मिळालं काय, दुसऱ्या फेरीतला ३४ नंबर, आणि त्यातही सोबत माइक व्रेबल द्यावा लागला. (हाच व्रेबल यंदा पेट्रियट्सचा कोच म्हणून लिव्हाइजवर हरला.) तेव्हा नागपूरकरांनी १० मॅचचा भाव बघावा आणि मग ५ मॅचचा सांगावा. जोन्सला तिसरी फेरी हा माझा अंदाज, कोणी फारच अडलेला भेटला तर दुसरी, पहिली विसरा.

पण विकावाच कशाला? २००७ च्या मार्चमध्ये अटलांटाने, पुन्हा अटलांटाच, मॅट शॉब नावाचा बॅकअप ह्युस्टनला विकला. तो त्यांच्याकडे जेमतेम दोन मॅच स्टार्ट केलेला. त्याच्या बदल्यात दोन दुसऱ्या फेऱ्या मिळाल्या, शिवाय पहिल्या फेरीत दहावरून आठ नंबरला सरकायला मिळालं, सौदा म्हणून झकास, तक्ता काढून बघा, टाळ्या वाजवाल. चार महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांचा खरा क्वार्टरबॅक मायकल व्हिक कुत्र्यांच्या झुंजीच्या केसमध्ये अडकला. गेला तो गेलाच. त्या वर्षी अटलांटा ४ जिंकली १२ हरली, आणि दोन वर्षांनी शॉब तिकडे ह्युस्टनमध्ये सबंध लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्ड टाकून मोकळा. कागदावर नफा आणि घरात चूल बंद.

आमच्याच घरची गोष्ट तर अजून ताजी आहे. जिमी गॅरोपोलो, त्यालाही आम्ही पेट्रियट्सच्या बेंचवरूनच उचलला होता, २०१७ मध्ये दुसऱ्या फेरीवर, आणि तो आम्हाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. २०२२ ला लान्सला जागा करायची म्हणून याला विकायचं ठरलं. सुरुवातीला आमच्या चर्चेत दोन दुसऱ्या फेऱ्या, मग एक दुसरी, मग त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि भाव आपटला, ऑगस्टपर्यंत नागपूरकरच म्हणत होता की चहापाणी द्या नि घेऊन जा. कोणी घेतला नाही. शेवटी पगार कमी करून त्याला ठेवून घेतला, ठेवून घेतला म्हणजे काय, राहिला. आणि दुसऱ्या आठवड्यात लान्सचा घोटा गेला! तोच गॅरोपोलो उभा राहिला म्हणून सीझन वाचला. डिसेंबरमध्ये त्याचं पाऊल मोडलं, तेव्हा ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा, ज्याला इथे चेष्टेने मिस्टर इर्रेलेव्हंट म्हणतात तो पर्डी आला. न विकला गेलेला आणि कोणी विकत न घेतलेला, अशा दोघांनी ते वर्ष ओढलं.

आणि मग जानेवारी २०२३, फिलाडेल्फिया. सुपर बोलच्या आधीची शेवटची मॅच. पर्डीचं कोपर गेलं पहिल्या काही मिनिटांत. त्याच्या जागी जॉश जॉन्सन आला, त्याच्या डोक्याला लागलं. तिसरा कोणी नाहीच. मग कोपर गेलेल्या पर्डीलाच परत उभा केला, त्याला बॉल दहा पावलंसुद्धा नीट फेकता येत नव्हता, मैदानावर सगळ्यांना माहिती की आता हे फक्त पळणार, ३१-७ हरलो. आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नाही, केलेला शिरा तसाच राहिला, सांगलीकर चप्पल घालून न सांगता निघून गेला. त्या मॅचनंतर लीगने नियम बदलला, आता राखीव तिसरा क्वार्टरबॅक तयार ठेवता येतो. पण नियम माणूस देत नाही ना, माणूस आपणच ठेवावा लागतो. त्या दुपारी मला कोणी एक बरा बॅकअप दिला असता तर मी पहिल्या फेरीतला पिक दिला असता, दोन दिले असते. ही किंमत कुठल्या तक्त्यात आहे सांगा.

म्हणून पर्डी गेल्या सीझनमध्ये १७ पैकी ८ मॅच बाहेर होता हे लक्षात असताना जोन्सला तिसऱ्या फेरीवर सोडणं म्हणजे मला तरी पावसाळ्याच्या तोंडावर छत्री विकण्यातला प्रकार वाटतो. यावर मुलाचा मुद्दा आहे तो रास्त आहे, तो म्हणतो बाबा, पुढच्या वर्षी काँट्रॅक्ट संपलं की डार्नल्डसारखा फुकटच जाईल. अगदी फुकट नाही. दुसऱ्या टीमने त्याला मोठ्या पैशावर घेतलं तर लीग भरपाईचा पिक देते, जास्तीत जास्त तिसऱ्या फेरीचा, अर्थात त्यात आपण त्या वर्षी बाहेरून कोणाकोणाला घेतलं तेही वजा होतं, म्हणजे हातात पडेलच असं नाही. पण मग आत्ता तिसरी घेऊन वर्षभर छत्रीशिवाय राहायचं की वर्षभर छत्री वापरून नंतर कदाचित तिसरी घ्यायची, एवढाच सवाल आहे. त्यावर तो म्हणाला की आणि जोन्सला काय वाटतं त्याचं काय, त्याला खेळायचं नसेल का. इथे मात्र मी गप्प बसलो. तो स्वतः शाळेच्या टीममध्ये बेंचवर असतो, गेल्या सीझनला एकूण किती मिनिटं मैदानात उतरला ते त्याने मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. कोचने एकदा शेवटच्या चार मिनिटांसाठी पाठवला तेव्हा हेल्मेटचा पट्टाच लागेना, मी स्टँडमधून बघत होतो, दुसऱ्या एका पोराने लावून दिला.

शॉब, फार्व्ह, डार्नल्ड, हे सगळे दुसरीकडे जाऊनच मोठे झाले हे त्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. फॅन म्हणून मी जोन्सला ठेवा म्हणतोय आणि बाप म्हणून मला वाटतं सोडा त्याला. दोन्ही एका पत्रात बसत नाही खरं.

संपादकसाहेब, ड्राफ्ट २३ एप्रिलला पिट्सबर्गला आहे, तुमच्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होईल, म्हणजे शनिवारच्या अंकासाठी तुम्हाला भरपूर वेळ आहे. चार ओळी छापा, पहिले पाच नंबर कोणाचे गेले एवढं दिलंत तरी चालेल, जोन्सचं काही झालं तर ते माझ्यासाठी म्हणून द्या. आई पुण्याला असते, ती तुमचा पेपर रोज वाचते आणि फोनवर विचारते की तो बसलेला मुलगा विकला का रे. आणि बॉल लांबट काढा.

आपला,
एक जुना वाचक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया